मुंबई–दुबई १,९३० किलोमीटर, पण हिशेब चिपळूणपासून धरा

मुंबई ते दुबई हवाई अंतर साधारण १,९३० किलोमीटर. तिकिटावर प्रवासाचा वेळ सव्वातीन तासांच्या आसपास दिसतो. खेड, चिपळूण, गुहागर, रत्नागिरी या पट्ट्यात आखातात नोकरीला असलेलं माणूस नाही असं गाव सापडणं कठीण, त्यामुळे सुट्टी संपत आली की घरोघरी एकच हिशेब सुरू होतो: विमान सकाळी साडेदहाचं आहे, मग घरातून कधी निघायचं? हा हिशेब चुकला तर तिकीट बुडतं. आणि चूक त्या सव्वातीन तासांत क्वचितच असते. ती असते घड्याळात, तारखेत आणि पनवेलच्या अलीकडच्या प्रवासात.

आधी आकाशातला भाग पाहू, कारण तो समजला की तिकिटावरचे आकडे वाचता येतात.

१,९३० किलोमीटर हे अंतर पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणून धरला तर मिळतं. वैमानिकांच्या भाषेत ते सुमारे १,०४० सागरी मैल. एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. विमान या दोऱ्यावरून तंतोतंत जात नाही. मुंबईला वारा बहुतेक वेळा समुद्राकडून असल्याने विमान पश्चिमेला तोंड करून उडतं, जुहूवरून थेट समुद्रावर येतं, म्हणजे दुबईच्या दिशेलाच. मग ठरलेल्या हवाई मार्गाने अरबी समुद्र ओलांडायचा, ओमानवरून जायचं आणि दुबईच्या रांगेत शिरायचं. उतरण्याच्या रांगेसाठी वळणं घ्यावी लागतात, कधी घिरट्या होतात. प्रत्यक्ष कापलेलं अंतर त्यामुळे थोडं जास्तच भरतं.

या मार्गावर बऱ्याचदा ए-३२० किंवा ७३७ जातीची विमानं असतात. वर गेल्यावर त्यांचा वेग ताशी ८३० किलोमीटरच्या आसपास. १,९३० ला ८३० ने भागलं तर दोन तास वीस मिनिटं येतात. चढताना आणि उतरताना वेग कमी असतो, मार्ग थोडा वाकडा असतो, त्याची पंधरा मिनिटं. दरवाजा लागल्यापासून धावपट्टीपर्यंत सरकत जाणं आणि तिकडे उतरल्यावर जागेवर लागणं, याची मिळून अर्धा तास. झाले तीन तास पाच मिनिटं. तिकिटावरचा वेळ असा मोजलेला असतो: विमान जागेवरून हललं तिथपासून दुसरीकडे जागेवर थांबेपर्यंत. म्हणून हवेत आपण अडीच तासच असलो तरी तिकीट तीन तासांच्या वरचं दिसतं, त्यात फसवणूक काही नाही.

राहिला वारा. हिवाळ्यात उत्तर भारत आणि आखातावरून, अकरा-बारा किलोमीटर उंचीवर, पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा झोत वाहतो. मुंबई–दुबई मार्ग या झोताच्या दक्षिण कडेला लागतो. ताशी १०० किलोमीटरचा वारा समोरून आला तर जमिनीच्या हिशेबात वेग ७३० उरतो आणि जाताना दोन तास वीसऐवजी जवळपास दोन तास चाळीस मिनिटं लागतात. येताना तोच वारा पाठीशी, वेग ९३०, वेळ दोन तास पाच मिनिटं. जाणं आणि येणं यात अर्ध्या तासाचा फरक पडतो तो असा. पावसाळ्यात हा झोत पार उत्तरेला सरकतो, मग फरक फारसा राहत नाही. मात्र तेव्हा मुंबईवर ढग आणि पाऊस असला की उतरायच्या रांगेत वेळ जातो.

यात एक गंमत बघण्यासारखी आहे. गलबतांच्या काळात कोकणातून आखाताकडे जायचं ते पावसाळा सरल्यावर, कारण समुद्रावर तेव्हा ईशान्येचा वारा असतो आणि तो शिडं पश्चिमेकडे ढकलतो. त्याच महिन्यांत विमानाला मात्र वरचा वारा समोरून खावा लागतो. खाली एक दिशा, वर बरोबर उलटी.

मुंबईहून आखातातली बाकीची शहरं मोजायची तर मस्कत सुमारे १,५९० किलोमीटर, दोहा २,२९०, कुवेत २,७६०. दुबईच्या मानाने कुवेतला तासभर जास्त धरायचा, मस्कतला अर्धा तास कमी.

आता घड्याळ. दुबई आणि मस्कत भारतापेक्षा दीड तास मागे, दोहा आणि कुवेत अडीच तास मागे. तिकिटावर सुटण्याची वेळ सुटण्याच्या शहराची आणि पोचण्याची वेळ पोचण्याच्या शहराची असते. मुंबईहून १०:३० ला सुटलेलं विमान तीन तास वीस मिनिटं घेऊन पोचलं, तर आपल्या घड्याळात १:५० झालेले असतात आणि तिकडच्या घड्याळात १२:२०. तिकिटावर १०:३० आणि १२:२० असे दोन आकडे बघून दोन तासांचाच प्रवास आहे असं समजणारे बरेच असतात. येताना उलटं होतं. दुबईहून रात्री १० ला सुटलं, दोन तास पंचावन्न मिनिटं लागली, तर तिकडे १२:५५ आणि इथे २:२५, तारीखही पुढची. घरच्यांना फोनवर सांगताना ‘मुंबईच्या घड्याळात इतके वाजता’ असंच सांगावं. गाडी घेऊन येणारा दीड तास आधी येऊन बसला तर पार्किंगचे पैसे जातात. उशिरा आला तर पहाटे अडीचला बायकापोरांना बॅगांवर बसून राहावं लागतं.

सर्वांत महाग पडते ती तारखेची चूक. तिकिटावर ओळ अशी असते: १५ तारीख, सुटण्याची वेळ ०१:३०. याचा अर्थ १४ तारखेला रात्री जेवून विमानतळावर जायचं. १५ च्या रात्री गेलात तर विमान जाऊन चोवीस तास होत आलेले असतात. आता याला कोकणातली रेल्वे जोडा. मडगावहून संध्याकाळी सुटणारी कोकणकन्या खेड-चिपळूणला मध्यरात्रीच्या आगेमागे येते. गाडी मडगावहून १४ ला सुटली तरी तुमच्या स्टेशनात ती बारानंतर येत असेल, तर तुमच्या आरक्षणावर तारीख १५ पडते आणि फलाटावर उभं राहायचं १४ च्या रात्री. दोन तिकिटं, दोन्हींवर मध्यरात्र ओलांडणाऱ्या वेळा. कॅलेंडरवर पेनाने लिहा: कुठल्या वाराची रात्र, घरातून किती वाजता. तारखेपेक्षा वार लिहिला की चूक लगेच डोळ्यात येते.

घरातून निघायची वेळ नेहमी मागून मोजायची. चिपळूणचं घर आणि सकाळी १०:३० चं विमान, असं धरू. आंतरराष्ट्रीय विमानाचा काउंटर साधारण तीन तास आधी उघडतो आणि तासभर आधी बंद होतो. म्हणजे ९:३० नंतर बॅगा घेणार नाहीत, तुम्ही समोर उभे असलात तरी. त्यानंतर इमिग्रेशन, मग सुरक्षा तपासणी, मग गेट. गेटही सुटण्याच्या वीस-पंचवीस मिनिटं आधी बंद. त्यामुळे सहारला, मुंबई विमानतळाच्या टर्मिनल २ च्या दारात ७:३० ही वेळ धरावी. सुट्ट्यांचा हंगाम असेल तर ७.

आता तिथवर यायचं. रात्रीची गाडी वेळेवर असेल तर ठाण्याला पहाटे पाचच्या सुमारास सोडते. ठाण्याहून टर्मिनल २ वीसेक किलोमीटर, त्या वेळेला टॅक्सीने पाऊण तास पुरतो. म्हणजे हाताशी दीड-दोन तास शिल्लक राहतात. ही शिल्लक गाडीच्या उशिरासाठी आहे. कोकण रेल्वेवर रोहा ते वीर हा ४६ किलोमीटरचा टप्पा २०२१ साली दुहेरी झाला; वीरच्या पुढे मार्ग एकेरी आहे. एकेरी मार्गावर एक गाडी लेट झाली की समोरून येणारीला वाट देण्यासाठी ती स्टेशनात थांबते आणि आणखी लेट होते. उन्हाळ्या-हिवाळ्यात दोन तासांची आणि पावसाळ्यात चार तासांची सूट ठेवावी, असं माझं स्पष्ट मत आहे. चार तास मिळत नसतील तर आदल्या दिवशी दिवसाच्या गाडीने मुंबई गाठून नातेवाइकांकडे मुक्काम करावा.

पावसाळ्यासाठी वेगळं वेळापत्रक असतं, हेही अनेकांच्या ध्यानात राहत नाही. २०२५ साली ते १५ जून ते २० ऑक्टोबर होतं. या काळात गाड्या मुद्दाम हळू चालवतात आणि वेळा बदलतात. जानेवारीत पाहिलेली वेळ ऑगस्टला चालत नाही. दरड आली तर प्रश्नच मिटला: १४ जुलै २०२४ ला खेडजवळ दिवाणखवटीला दरड कोसळून मार्ग बंद झाला होता आणि गाड्या अडकल्या होत्या. गाडी लेट झाली म्हणून विमान चुकलं तर विमान कंपनी पैसे परत देत नाही. दोन्ही तिकिटं वेगवेगळी काढलेली असतात, एकाचा दुसऱ्याशी संबंध नसतो.

कुठे उतरायचं, हे बॅगांवर ठरवा. बॅगा जड असतील तर ठाणे आणि टॅक्सी. एक-दोनच बॅगा असतील आणि दिवस उजाडला असेल तर दादर किंवा सीएसएमटीला उतरून भुयारी मेट्रो ३ धरता येते. ऑक्टोबर २०२५ पासून ती कफ परेडपर्यंत पूर्ण सुरू आहे आणि टर्मिनल २ ला तिचं स्वतःचं स्टेशन आहे. पहाटे चारला मेट्रो नसते, एवढं लक्षात ठेवा. पनवेलला उतरणं सोपं वाटतं, पण पनवेल ते सहार चाळीस किलोमीटरच्या वर आहे आणि सकाळी सातनंतर त्या रस्त्याचा भरवसा नाही.

गाडीत चढण्याचा एक भाग कागदावर दिसत नाही. मधल्या स्टेशनांत गाडी दोन-तीन मिनिटं थांबते. दोन मोठ्या बॅगा, एक दोरीने बांधलेला खोका, एक हँडबॅग, पाठीवर लॅपटॉप आणि सोबत पोहोचवायला आलेली चार माणसं. डबा पुढे लागला, तुम्ही मागे उभे, पळापळ होते आणि एक बॅग फलाटावर राहते. डबा कुठे लागणार त्याचा फलक बघून तिथेच उभं राहावं, चढणाऱ्याने आधी आत जावं, आणि खालून दोघांनी सामान वर द्यावं. दारात निरोप घेत बसू नये. तो फलाटावर आधीच उरकावा.

रस्त्याने जायचं असेल तर चिपळूण ते मुंबई अडीचशे किलोमीटरच्या आत, रत्नागिरी ते मुंबई सव्वातीनशेच्या वर. कशेडीच्या बोगद्याने पोलादपूर–खेड घाटाचा वेळ वाचला. पण माणगावला गाडी अडकते. ताम्हिणी घाटातून येणारी पुण्याची वाहतूक तिथेच येऊन मिळते, शनिवार-रविवारी तर विचारू नका. परशुराम घाटात पावसाळ्यात दरडीची भीती असतेच. चिपळूणहून सहा तास रिकाम्या रस्त्याला भरपूर आहेत, गौरी-विसर्जनानंतरच्या दोन दिवसांना मुळीच पुरत नाहीत. गणपतीला आलेली सगळी मुंबई त्याच दिवशी परत निघते आणि दुबईवाल्यांचं विमानही नेमकं त्याच आठवड्यात असतं. विमानाचं तिकीट काढतानाच पाचव्या-सातव्या दिवसानंतरचे दोन दिवस टाळले, तर हा ताप वाचतो. आणखी एक अडचण त्यातच आहे: विमानाचं तिकीट लोक चार महिने आधी काढतात, रेल्वेचं आरक्षण मात्र नोव्हेंबर २०२४ पासून ६० दिवस आधीच खुलतं. विमान ठरलं म्हणजे प्रवास ठरला असं समजू नका; साठाव्या दिवशी सकाळी आठच्या ठोक्याला बसायची तयारी ठेवा.

सिंधुदुर्गातल्या माणसांसाठी हिशेब निराळा. कुडाळ ते मुंबई साडेचारशे किलोमीटरच्या वर. कुडाळ ते गोव्यातलं मोपा पन्नासच्या आत. मोप्याचा मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळ जानेवारी २०२३ मध्ये सुरू झाला. मोपा–दुबई हवाई अंतर सुमारे २,१९५ किलोमीटर, म्हणजे मुंबईपेक्षा २६५ किलोमीटर जास्त, विमानाला वीस मिनिटं. वीस मिनिटं हवेत जास्त घालवून जमिनीवरचे आठ-दहा तास वाचतात. हा सौदा तिकीट थोडं महाग असलं तरी परवडतो, विशेषतः सोबत म्हातारी माणसं किंवा तान्ही मुलं असतील तेव्हा. अट एकच: विमान थेट असावं. मोप्याहून आधी मुंबई आणि तिथे पाच तास थांबून पुढे, असं असेल तर फायदा संपतो. राजापूर-लांज्याच्या माणसाने दोन्ही बाजू ताडून बघाव्यात. राजापूरहून मोपा सव्वाशे-दीडशे किलोमीटर पडतं. चिपळूणच्या वर मात्र मुंबईच बरी. चिपीहून, म्हणजे सिंधुदुर्गच्या विमानतळावरून, आखातात जाणारं विमान नाही.

विमानतळाचं नाव न वाचणं, हीसुद्धा नेहमीची चूक. गोव्यात दोन विमानतळ आहेत: मोपा म्हणजे जीओएक्स आणि दाबोळी म्हणजे जीओआय. मुंबईतही आता दोन: सहार-सांताक्रूझ म्हणजे बीओएम, आणि नवी मुंबई म्हणजे एनएमआय, जिथून २५ डिसेंबर २०२५ ला प्रवासी विमानं सुरू झाली. कोकणच्या गाड्या पनवेलला थांबतात, म्हणून आखाताची थेट विमानं नवी मुंबईहून मिळतील तेव्हा आपल्या प्रवासातले दोन तास सहज कमी होतील. तोवर तिकिटावरची तीन अक्षरं बघूनच टॅक्सीवाल्याला सांगा. दुबईतही डीएक्सबी आणि डीडब्ल्यूसी असे दोन आहेत, आणि शारजा वेगळाच. डीएक्सबीचं टर्मिनल २ बाकीच्या दोहोंपासून धावपट्टीच्या पलीकडे आहे; टर्मिनल १ आणि ३ ला मेट्रो स्टेशन आहे, टर्मिनल २ ला नाही. घ्यायला येणाऱ्याला टर्मिनलचा आकडा आधी कळवा.

काउंटरवर वेळ खाणारी गोष्ट म्हणजे आपल्या घरचा खाऊ. आंबे, फणसपोळी, कोकमं यांना हरकत नसते. सुकं खोबरं मात्र २०२२ पासून चेक-इन बॅगेत चालत नाही; त्यात तेल असतं, ते आपोआप तापून पेट घेऊ शकतं म्हणून ते धोकादायक मालात मोडतं. कापूरही नाही. बॅग स्कॅनमध्ये अडकली की तुम्हाला परत बोलावतात, दोऱ्या कापतात, खोका उघडतात, आणि अर्धा तास तिथेच संपतो. कोकम आगळाची बाटली हातातल्या पिशवीत ठेवली तर १०० मिलीलीटरच्या नियमात जप्त होते. ती टेपने घट्ट बांधून, प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत घालून मोठ्या बॅगेत कपड्यांच्या मधे ठेवा. पॉवर बँकचं उलटं: ती हातातच पाहिजे, मोठ्या बॅगेत नाही. आणि खसखस अजिबात नेऊ नका. आपल्याकडे ती मसाल्याच्या डब्यात असते, अमिरातीत ती अमली पदार्थांच्या कायद्यात येते. त्यापायी माणसं तुरुंगात गेली आहेत. आईने बांधून दिलेला मसाला तिच्यासमोरच तपासून घ्या. विड्याची पानंही तिकडे चालत नाहीत.

विमानाच्या बाजूने वेळ बिघडतो तो ठरावीक कारणांनी. डिसेंबर ते फेब्रुवारी दुबईला पहाटे धुकं असतं, विमानं थांबून राहतात किंवा दुसरीकडे वळवतात. १६ एप्रिल २०२४ च्या पावसाने दुबईचा विमानतळच पाण्यात गेला होता. २३ जून २०२५ ला कतारने हवाई हद्द काही तास बंद केली, तेव्हा दोह्याबरोबर आजूबाजूच्या शहरांचीही विमानं कोलमडली. अशा वेळी गावातून निघण्याआधी एकदा आणि ठाण्याला उतरल्यावर एकदा विमानाचा क्रमांक टाकून स्थिती बघावी. बुकिंगला मोबाइल नंबर एजंटचा दिलेला असेल तर बदलाचा निरोप एजंटला जातो, तुम्हाला नाही. स्वतःचा नंबर घालून घ्या, आणि तो तिकडचा असेल तर इकडे चालू आहे ना तेही पाहा.

परतीचा प्रवास. दुबईहून रात्री दहाचं विमान, मुंबईत २:२५. इमिग्रेशन, पट्ट्यावरची बॅग, कस्टम, हे सगळं आटपून बाहेर यायला पावणेचार-चार. पाच ते सहाच्या दरम्यान सीएसएमटीहून जनशताब्दी, वंदे भारत आणि तेजस कोकणात सुटतात आणि ठाण्याला थोड्या वेळाने येतात. चारला बाहेर आलात तर ठाण्याला त्या पकडता येतील असं कागदावर दिसतं, आणि म्हणूनच लोक त्यांचं आरक्षण करतात. विमान अर्धा तास उशिरा आलं, किंवा बॅग शेवटच्या फेरीत आली, की गाडी गेली. सीएसएमटीहून सातनंतर सुटणाऱ्या मांडवीचं आरक्षण करा. चारला बाहेर आलात तर ठाण्याला चहा घेऊन अडीच-तीन तास बसावं लागेल, पण साडेपाचला बाहेर आलात तरी गाडी हातची जाणार नाही.